व्हीआर हेडसेट की जुना वी?

संक्रांत होऊन आठवडा झाला, पण घरोघरचे तिळगुळाचे डबे काही अजून रिकामे झाले नसतील. तेव्हा एक वडी तोंडात टाका. गोड बोलायचं काम आज माझ्याकडे, तुम्ही नुसतं ऐका.

गेल्या महिन्यात आपल्या कार्यक्रमाच्या व्हॉट्सॲपवर एका ताईंचा प्रश्न आला. त्यांचे सासू-सासरे मार्चमध्ये पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी येताहेत. घरात दोन मुलं, एक नऊ वर्षांचं, एक बारा. मुलांना व्हीआर हेडसेट हवाय. ताईंचं म्हणणं, तीनशे डॉलर घालायचेच आहेत तर आजी-आजोबांनाही उपयोग होईल असं काहीतरी घेऊ. आणि त्यांच्या मिस्टरांना आठवतंय की पूर्वी ते निन्टेंडोचं हात हलवून खेळायचं यंत्र होतं, ते म्हातारी माणसंही खेळायची. तर दोन्हींतलं काय घ्यावं? प्रश्न माझ्याकडे आला, कारण मी आयटीत आहे. आयटीतला माणूस म्हटलं की प्रिंटरपासून मायक्रोवेव्हपर्यंत सगळं त्याच्याच खात्यात येतं.

मी कन्सल्टंट आहे. कन्सल्टंट आधी 'इट डिपेंड्स' म्हणतो, मग पन्नास स्लाइड दाखवतो, मग बिल पाठवतो. रेडिओवर स्लाइड नाहीत, म्हणून उत्तर आधीच सांगतो. ताई, या सहा महिन्यांपुरता तरी हेडसेट घेऊ नका. का, ते सांगताना थोडं तंत्र येईल आणि थोडं माझ्या घरातलं. घरातलं सांगायचं की नाही यावर मी बराच विचार केला. आई म्हणाली, सांग, त्यात काय लपवायचंय.

आधी वी. स्पेलिंग डब्ल्यू आणि पुढे दोन आय. माझे बाबा त्याला शेवटपर्यंत 'उई' म्हणायचे. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये तो इथं अमेरिकेत आला, आणि त्याच महिन्यात सोनीचा प्लेस्टेशन ३ आला. प्लेस्टेशन पाचशे आणि सहाशे डॉलरचा, चित्र झकास. वी अडीचशेचा, आणि चित्राच्या बाबतीत यथातथाच, हाय डेफिनिशनसुद्धा नाही. तरीही पुढच्या काही वर्षांत वी दहा कोटींहून जास्त विकला गेला. आमच्या एमबीएच्या वर्गात ही केस शिकवली होती. प्राध्यापकांचा मुद्दा असा, की निन्टेंडोनं दुसऱ्यांची गिऱ्हाइकं पळवली नाहीत. ज्यांनी जन्मात कधी गेम खेळला नव्हता त्यांना गिऱ्हाईक केलं. मी मान डोलावत बसलो होतो, कारण तसली दोन गिऱ्हाइकं माझ्याच घरी सहा महिने राहून गेली होती.

वीचा रिमोट दिसायला टीव्हीच्या रिमोटसारखा. आत ॲक्सेलरोमीटर नावाची चिमुकली चिप असते. हात कुठल्या दिशेला किती झटक्यानं हलला ते ती मोजते. रिमोटच्या तोंडाशी एक इन्फ्रारेड कॅमेरा. आणि टीव्हीवर ठेवायची वीतभर लांबीची एक काळी पट्टी. तिचं नाव 'सेन्सर बार', पण ती बिचारी काहीच सेन्स करत नाही. तिच्या दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे आहेत, बस्स. रिमोटमधला कॅमेरा ते दोन ठिपके बघतो आणि त्यावरून तुम्ही पडद्यावर कुठं नेम धरलाय ते ठरवतो. हे दोन ठिपके लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

म्हणजे खरं सांगायचं तर वीला तुमच्याबद्दल फारच थोडं कळतं. तुम्ही उभे आहात की बसलात, लंगडताय की नाचताय, त्याला पत्ता नाही. त्याला फक्त मनगटाचा हिसका कळतो. म्हणून सोफ्यावर लोळत, नुसतं मनगट उडवून टेनिस जिंकता यायचं. तज्ज्ञ मंडळींनी यावर नाकं मुरडली. पुढं २००९ मध्ये निन्टेंडोनं जायरोस्कोपचा वेगळा तुकडा विकायला काढला, तेव्हा मनगट किती वळलं हेही नीट कळायला लागलं.

नंतर बाकीचे जागे झाले. २०१० मध्ये सोनीनं टोकाला चमकणारा गोळा असलेली कांडी आणली, तिचं नाव 'मूव्ह'. मायक्रोसॉफ्टनं 'काइनेक्ट' आणला, त्यात हातात काहीच धरायचं नाही, समोरचा कॅमेराच तुमचे हातपाय ओळखतो. त्याच्या आतलं खोली मोजण्याचं तंत्र इस्रायलच्या प्राइमसेन्स कंपनीचं. पहिल्या साठ दिवसांत काइनेक्ट ऐंशी लाख विकला गेला आणि गिनीज बुकात गेला. २०१७ मध्ये त्याचं उत्पादन बंदही झालं. प्राइमसेन्स २०१३ मध्ये ॲपलनं विकत घेतली होती. तुमचा चेहरा बघून आयफोन उघडतो ना, ते त्याच घराण्यातलं तंत्र. आणि सोनीची ती मूव्हची कांडी २०१६ मध्ये पुन्हा कपाटातून बाहेर निघाली, कारण सोनीनं व्हीआर हेडसेट आणला आणि त्याच्याबरोबर हातात धरायला हीच कांडी दिली. म्हणजे दुकानात आपण ज्यांची तुलना करतो ते वैरी नाहीत. हेडसेटबरोबर हातात येणारे ते दोन कंट्रोलर म्हणजे वीच्या रिमोटची नातवंडं.

नातवंडं आजोबांपेक्षा हुशार आहेत, हेही कबूल करायला हवं. आजच्या हेडसेटच्या बाहेरच्या अंगाला कॅमेरे असतात. ते तुमची खोली बघत असतात: भिंत कुठं, टेबल कुठं. डोकं वर-खाली, पुढं-मागं, डावी-उजवीकडं, आणि तिन्ही बाजूंना वळणं, असं सगळं धरून सहा प्रकारची हालचाल त्याला कळते, हातांचीही तशीच. इथं मनगटाचा हिसका देऊन फसवता येत नाही. 'बीट सेबर' नावाचा खेळ आहे, एका झेक स्टुडिओनं केलेला. गाण्याच्या तालावर अंगावर येणारे ठोकळे दोन तलवारींनी कापायचे. माझा मुलगा तो खेळून वर येतो तेव्हा टीशर्ट पिळून निघेल इतका घाम असतो. मीही खेळलोय. खोटं कशाला बोलू, डोळ्यांपुढं ती खोल पोकळी उघडते तेव्हा अंगावर काटा येतो. तो अनुभव टीव्हीसमोर कधीच येणार नाही.

कामाच्या जागी तर मी स्वतः हेडसेटची शिफारस केली आहे. माझ्या एका क्लायंटकडं गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचं शिक्षण द्यायचं होतं. नवा माणूस खऱ्या गोदामात शिकताना चुकला तर कुणाच्या तरी पायावर जातं. व्हीआरमध्ये त्यानं दहा वेळा रॅक पाडला तरी कुणाला खरचटत नाही. तिथं माणसाला आजूबाजूचं सगळं विसरायला लावणं हाच फायदा आहे. त्याच क्लायंटनं मग उत्साहाच्या भरात मीटिंगसाठीही हेडसेट घेतले. ते आता एका कपाटात आहेत, चार्जर दुसऱ्या कपाटात.

आता घरातलं.

२००९ च्या ऑक्टोबरमध्ये आई-बाबा सांगलीहून आमच्याकडं न्यू जर्सीला आले. मुलगा सव्वा वर्षाचा होता आणि बायकोची नोकरी नुकतीच पुन्हा सुरू झाली होती. तुमच्यातल्या बहुतेकांना हे गणित माहीत आहे. डे-केअरचा खर्च आणि आजी-आजोबांचं प्रेम या दोन्हीचं उत्तर एकच येतं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सांगलीत सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत फेरी, मग वर्तमानपत्र, मग कट्टा. इथं दुसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट, बाहेर थंडी, गाडी येत नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. नोव्हेंबर संपता संपता ते खिडकीशी खुर्ची घेऊन पार्किंगमधल्या गाड्या मोजायला लागले. गंमत म्हणून नाही, खरंच मोजायचे. संध्याकाळी मी आलो की सांगायचे, आज चौतीस.

वीची किंमत तेव्हा नुकतीच दोनशेवर आली होती. मी घेऊन आलो. बाबांनी खोक्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हा पोरखेळ कुणासाठी? तो तर अजून बोळक्यानं हसतोय." मी म्हटलं, "माझ्यासाठी." मग शनिवारी-रविवारी आम्ही चौघं बोलिंग खेळायचो. वीमध्ये प्रत्येकाचं एक बाहुलं करता येतं, त्याला 'मी' म्हणतात. ऐकायला अगदी मराठी. बाबांचं 'मी' टक्कल, जाड मिशा आणि चष्म्याचं. आईचं अंबाड्याच्या जवळपास जाणाऱ्या केसांचं. बाबा बोलिंग टाकायचे ते दोन पावलं चालून, गुडघा वाकवून, अगदी शिस्तीत. मी एकदा सांगितलं, बाबा, बसूनही टाकता येतं, त्याला फक्त मनगट कळतं. म्हणाले, "त्याला कळत नसेल, मला कळतं ना."

आई कमी खेळायची. दोन डाव झाले की म्हणायची, चला, कुकर लावते. बाबांना चांगले गुण पडले की टाळ्या वाजवायची. एकदा मी पट्टा मनगटाला न अडकवता टेनिस खेळलो आणि रिमोट थेट दिव्याच्या काचेत गेला. सुरुवातीच्या काळात असं इतक्या घरांत झालं होतं की निन्टेंडोला बत्तीस लाख पट्टे बदलून द्यावे लागले होते. माझ्या घरी दोष पट्ट्याचा नव्हता, माझाच होता. खालच्या शेजारणीनं काठीनं छत ठोकलं ते वेगळंच.

एप्रिलमध्ये ते परत गेले. माझी समजूत अशी राहिली की तो हिवाळा त्यांना जड गेला, आणि वी आणून मी त्यांना शनिवार-रविवारचा थोडासा विरंगुळा दिला. बाबा त्यानंतर एकदाच आले, तेही उन्हाळ्यात. २०१७ मध्ये ते गेले.

गेल्या ऑक्टोबरात आई आली, पहिल्यांदाच एकटी. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मुलगा आता सोळाचा, दार लावून बसायच्या वयाचा. आम्ही दोघं ऑफिसात. पुन्हा तीच थंडी, तीच खिडकी. घर मोठं झालं एवढाच फरक, म्हणजे एकटेपणाला जागा जास्त. मुलाचा हेडसेट घरात होताच. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात यंत्राची चूक नाही. मला वाटलं, आईला फिरवून आणू.

पहिली अडचण अंबाड्याची. हेडसेटचा मागचा पट्टा डोक्याच्या मागं, बरोबर अंबाड्यावर येतो. आईनं अंबाडा सोडून वेणी घातली. दुसरी अडचण चष्म्याची. तिचा चष्मा दुहेरी भिंगाचा, वरून लांबचं, खालून वाचायचं. हेडसेटमध्ये पडदा डोळ्यांपासून दोन बोटांवर असला तरी भिंगांमुळं डोळ्यांना तो काही फूट लांब असल्यासारखा भासतो. त्यामुळं चष्म्याच्या खालच्या भागातून बघितलं की सगळं धूसर. त्यात अर्धा किलोचं ओझं गालांवर. हे सगळं सावरून मी तिला खुर्चीत बसवलं आणि एक उडत्या फुग्यातून डोंगरांवरून जायचं दृश्य लावलं.

अर्ध्या मिनिटात तिनं विचारलं, "आहेस ना रे तू इथंच?" मी म्हटलं, आहे की. ती मान वळवून बघायला लागली, पण माझ्या आवाजाच्या दिशेला मी दिसणार कसा, तिथं डोंगर होते. थोड्या वेळानं पुन्हा, "आहेस ना?" मी तिचा हात धरला तर ती दचकली. तीन-चार मिनिटांनी मी हेडसेट काढला. "छान आहे रे," म्हणाली, आणि उठायला गेली ती तशीच खाली बसली. संध्याकाळी दोनदा उलटी झाली. रात्री जेवली नाही.

आपल्याकडं कुंभार्ली घाटात एसटीत गाडी लागते ना, तसंच हे, फक्त उलटं. एसटीत कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण वळतोय, हलतोय. आणि डोळ्यांना दिसते समोरची स्थिर सीट. मेंदू गोंधळतो, पोट ढवळतं. हेडसेटमध्ये डोळे सांगतात की आपण उडतोय आणि कान सांगतो की खुर्चीत बसलोय. म्हणून माणूस स्वतःच्या पायानं चालतो-हलतो ते खेळ व्हीआरमध्ये बरे सोसतात, आणि आपण बसलेलो असताना जे आपल्याला उडवतात किंवा गाडीतून नेतात ते लागतात. हे मला माहीत होतं! पंचवीस वर्षं या धंद्यात आहे मी, आणि आईसाठी नेमकं फुग्याचं दृश्य निवडलं. का, तर चित्र सुंदर होतं. आपण तंत्रज्ञ लोक डेमो निवडताना आपल्याला काय दाखवायचंय ते बघतो, समोरच्याला काय झेपेल ते नाही.

त्या रात्री मी झोपलो नाही. व्हिजिटर इन्शुरन्सचे कागद काढून वाचत बसलो. चक्कर येऊन ती जिन्यात पडली असती तर, हा विचार. पण त्याहूनही 'आहेस ना' डोक्यातून जाईना. वी खेळताना हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. टीव्हीसमोर खेळणारा माणूस वेड्यासारखे हातवारे करत असतो, बाकीचे त्याला बघून हसत असतात, आणि तोही त्यांना बघत असतो. स्वयंपाकघरातून हाक आली तर ऐकू येते. हेडसेट चढवला की सगळी खोली पुसली जाते. हल्लीच्या काही हेडसेटमधून कॅमेऱ्यानं बाहेरचं दिसतं, आणि आतलं चित्र टीव्हीवरही दाखवता येतं, करून बघितलं. पण मग आपण टीव्हीवर बघायचं ते तिचं डोळे बांधलेलं फिरणं. आंधळ्या कोशिंबिरीत मजा येते कारण राज्य एकावर असतं आणि बाकीचे खोड्या काढतात. सहा महिन्यांसाठी आलेल्या माणसावर रोज राज्य द्यायचं नसतं.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मी गॅरेजमधून वीचं खोकं काढलं. पंधरा वर्षांचं यंत्र. पहिलं संकट, त्याची तांबडी-पांढरी-पिवळी वायर. आताच्या टीव्हीला ती भोकंच नाहीत. एचडीएमआयचा छोटा ॲडॅप्टर मागवला, दहा-पंधरा डॉलर. दुसरं संकट, सेन्सर बार. कुठंच सापडेना. आठवतंय ना, दोन इन्फ्रारेड ठिपके? ज्योतीतूनही इन्फ्रारेड बाहेर पडतो. लोक दोन मेणबत्त्या लावून काम भागवतात. माझ्याकडं दिवाळीच्या पणत्या होत्या. टीव्हीपुढं एका ताटलीत वीतभर अंतरावर दोन पणत्या लावल्या. रिमोटचा हात पडद्यावर आला. आई मागून म्हणाली, "टीव्हीची पूजा करतोस का?" (मंडळी, असल्या प्रयोगात जवळ कुणीतरी बसून राहायचं, आणि स्मोक अलार्मचं भान ठेवायचं. सेन्सर बार नवा मिळतो, स्वस्त मिळतो, मी तो नंतर घेतला.)

वीची ऑनलाइन दुकानदारी २०१९ मध्ये बंद झाली. पण डिस्कवरच्या खेळाला कुणाच्या परवानगीची गरज लागत नाही. ना खातं, ना पासवर्ड, ना अपडेट. आजचा हेडसेट पंधरा वर्षांनी गॅरेजमधून काढला तर चालू होईल की नाही, ते ज्या त्या कंपनीच्या मर्जीवर. चालू झाला वी. आतलं घड्याळ चुकलं होतं, ते लावलं. आणि बाहुल्यांच्या चौकात सगळे उभे होते. बाबा मिशांसकट.

आई काही बोलली नाही. पुढं होऊन तिनं माझ्या हातातून रिमोट घेतला, पट्टा मनगटात घातला, स्वतःचं बाहुलं निवडलं आणि बोलिंग सुरू केलं. कुठलं बटण कधी सोडायचं, मी सांगायच्या आधी. खांदा दुखत होता, तरी दहाच्या दहा दोनदा पाडले. खेळ संपल्यावर पडद्यावर खेळाडूच्या कौशल्याचा आकडा येतो. हजाराच्या वर गेलं की तो 'प्रो' मानतो. माझा आकडा आयुष्यात सातशेवर गेला नव्हता. आईचा होता चौदाशेच्या घरात.

शनिवार-रविवारी दोन-दोन डाव खेळून चौदाशे होत नाहीत.

वीमध्ये एक कॅलेंडर असतं. रोज कुठला खेळ किती वेळ चालला, याची नोंद तो आपणहून एका चिठ्ठीत करून ठेवतो, आणि ती चिठ्ठी त्या तारखेला पडून राहते. त्या खोक्यातच, कुठल्या क्लाउडवर नाही. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी मागं मागं जात २०१० च्या फेब्रुवारीपर्यंत गेलो. त्या महिन्यात केवढा बर्फ पडला होता, जुन्या मंडळींना आठवत असेल. सोमवार, एक तास चाळीस मिनिटं. मंगळवार, दोन तास पाच. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शनिवारी, म्हणजे मी घरी असताना, पंचवीस मिनिटं. जानेवारी तसाच. मार्च तसाच.

सकाळी चहा पिताना आईला विचारलं. ती हसायला लागली. "हा झोपला ना अकराला, की मांडायचो डाव. तुझे बाबा आधी पडदे ओढून घ्यायचे, समोरच्या बिल्डिंगमधून कुणी बघेल म्हणून."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"ते म्हणायचे, त्याला सांगू नकोस."

"का पण?"

"रोज हरायचे की माझ्याकडून. तुझ्यासमोर हरायचं नव्हतं त्यांना. म्हणून शनिवारी मी आपली दोन डाव खेळून कुकर लावायला जायची."

आणि पार्किंगमधल्या चौतीस गाड्या? "त्या मी मोजायची," म्हणाली, "त्यांचा डाव चालू असताना."

तर ताई, तुमच्या प्रश्नाकडं येतो. नवीनच घ्यायचं असेल तर निन्टेंडोचा स्विच घ्या. त्यावर 'निन्टेंडो स्विच स्पोर्ट्स' आहे, २०२२ मध्ये आला, त्यात बोलिंग आहे, टेनिस आहे, बॅडमिंटन आहे. छोटा 'लाइट' वाला घेऊ नका, तो टीव्हीला जोडता येत नाही. पैसे वाचवायचे असतील तर कुणाच्या तरी गॅरेजमध्ये वी असतोच, विचारून बघा. डिस्क आहे का ते आधी बघा. मुलांना हेडसेट हवाच असेल तर सासू-सासरे गेल्यावर घ्या, आणि नऊ वर्षांच्याला थोडं थांबवा, कंपन्याच दहा किंवा तेराच्या आत नको म्हणतात. माझा मुलगा अजूनही त्याचा हेडसेट लावून बेसमेंटमध्ये ठोकळे कापतो, त्याला मी काही म्हणत नाही. वीचं चित्र बघून तो म्हणाला, हे काय, बटाट्यांना हात फुटलेत. पण गेल्या रविवारी आजीकडून सलग तीन डाव हरला आणि चौथ्यासाठी आपणहून बसला.

आईचं परतीचं तिकीट एप्रिलचं आहे. मी ऑफिसहून आलो की विचारतो, आज काय केलंस, आणि ती म्हणते, काही नाही रे, जरा पोथी वाचली, जरा पडले. मी बरं म्हणतो. रात्री कॅलेंडर उघडून बघतो. काल, एक तास वीस मिनिटं.

आणि हो, वीच्या रिमोटला डबल-ए चे दोन सेल लागतात. घरात जास्तीचे आणून ठेवा, लवकर संपतात. नमस्कार.